सईबाईंचे डावे बटण

मित्रांनो, मी एक जुना पिनबॉलचा खेळ आहे. चेन्नईजवळच्या एन्नोरमधल्या एका इमारतीच्या जिन्याखाली मी उभा आहे. माझी डावी बाजू जळून काळी पडली आहे, काच फुटली आहे, आणि उद्या भंगाराची गाडी मला गुम्मिडिपूंडीच्या भट्टीकडे नेणार आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा खेळ पाहिलाही नसेल. चार पायांवर उभी, जराशी उतरती लाकडी पेटी, वर काच आणि आत एक पोलादी गोळी. गोळी घरंगळत खाली येते. तिला पुन्हा वर उडवायला तळाशी दोन आखूड हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण असते. डावे दाबले की डावा हात उसळतो, उजवे दाबले की उजवा. गोळी नेमक्या जागी आदळली की घंटा वाजते आणि गुण वाढतात.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला. जहाजातून मी चेन्नईला आलो आणि नुंगंबाक्कमच्या एका खेळघरात उभा राहिलो. तिथे माझ्यापुढे रांगा लागत. कॉलेजातली मुले मला इतकी हलवत की माझे पाय खिळखिळे होत. मग मोबाइल आले आणि रांगा आटल्या. एके दिवशी खेळघराला कुलूप लागले.

तिथे दर रविवारी मला दुरुस्त करायला नागोजीराव येत. ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, एन्नोरच्या वीजकेंद्रात तंत्रज्ञ. मालकाने त्यांना मला घेऊन जायला सांगितले. इकडे ज्याला ‘कुट्टी यानै’, म्हणजे हत्तीचे पिल्लू म्हणतात, त्या छोट्या टेम्पोत घालून त्यांनी मला घरी आणले.

एन्नोरच्या हवेत राख असते. सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. नागोजीराव रोज मऊ फडक्याने मला पुसत. गोळीवर ओरखडा आला की ती बदलत, कारण खरबरीत गोळी सगळी फळी खरवडते. त्यांच्या पत्नी सईबाई शाळेत शिक्षिका होत्या. त्या हसून म्हणत, “माझ्या पैठणीस इतकें जपत नाहीं हे.”

सईबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. डावा हात लुळा पडला. शब्द तोंडातून फार सावकाश येऊ लागले. डॉक्टरांनी सांगितले की हात हलवत राहा. सईबाईंनी रबरी चेंडू दाबायचा कंटाळा केला. तेव्हा नागोजीरावांनी माझे झाकण उघडले, डाव्या बटणाची स्प्रिंग सैल केली आणि आतल्या दोन पितळी पट्ट्या अगदी जवळ आणल्या, इतक्या की बोट नुसते टेकले तरी फ्लिपर उडावा.

“दाब, सई. मी हाय न्हवं,” ते म्हणाले.

पहिले चार महिने गोळी डावीकडून निसटतच राहिली. मग एका सकाळी कॉफीनंतर सईबाईंचे बोट टेकले, माझा डावा हात उसळला आणि गोळी थेट वर जाऊन घंटेला लागली. नागोजीराव हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

त्या जवळ आणलेल्या पट्ट्या दर महिन्याला नीट कराव्या लागत. नाहीतर त्या एकमेकींना चिकटत, आणि फ्लिपरला उसळवणारी आतली तारेची कॉइल तापतच राही. तसे झाले की फ्यूज उडे आणि मी बंद पडे. सईबाई खुर्चीत बसून पाहत, आणि ते त्यांना समजावत. “फ्यूज गेलं म्हणजे तें आपल्यास सांगतंय. आधी कां गेलं तें पाहायचं. मग दुसरं घालायचं.”

खोकल्याने त्यांना निवृत्तीनंतर दोनच वर्षे दिली. शेवटी ते इस्पितळातून परत आले नाहीत. माझ्या पट्ट्या नीट करणारे कोणी उरले नाही.

त्यानंतर मुलगी सहाना आईजवळ राहायला आली. ती सॉफ्टवेअरच्या नोकरीत, सदा घाईत, पण आईवर जीव असलेली. आई रोज खेळते, तिच्या बोटांत बळ येते, हे तिने पाहिले होते. म्हणून मी बंद पडलो तेव्हा तिने त्याच दिवशी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बोलावले.

त्याने नवा फ्यूज घातला आणि डावे बटण दाबून पाहिले. उडाला. दुसरा घातला. तोही उडाला. मग त्याने खिशातल्या सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी काढली, जळालेल्या फ्यूजभोवती गुंडाळली आणि तो तसाच परत बसवला. माझे दिवे लागले. बटण त्याने पुन्हा दाबून पाहिले नाही.

“अप्पा...” सईबाई म्हणाल्या. सहाना वडिलांना अप्पा म्हणे. “अप्पा... आधी...”

सहानाचा फोन वाजत होता. “हो अम्मा, अप्पांची आठवण येते, मला कळतं. पाहा, चालू झालं. सरी, ठीक ना?”

“आधी... कां...”

“संध्याकाळी बोलू, अम्मा.” ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. त्या माणसाने माझे झाकण लावले.

संध्याकाळी ते बोलणे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी सहाना ऑफिसला गेल्यावर सईबाई माझ्यापाशी उभ्या राहिल्या. झाल्या प्रकाराने त्या साशंक होत्या, पण दिवे लागले होते आणि हाताला रोजची सवय होती. त्यांनी डावा तळवा बटणावर ठेवला. पट्ट्या चिकटल्या त्या सुटल्याच नाहीत. कॉइल तापली, तारांवरचे वेष्टण वितळले. आता उडायला फ्यूज नव्हता. आतल्या तारा एकमेकींना भिडल्या आणि माझी घंटा वाजू लागली. सईबाईंना वाटले, गुण मिळाले.

मित्रांनो, त्यांच्या डाव्या हाताला गरम-गार कळत नव्हते. आतल्या तापलेल्या तारा टेकून बटणाची धातूची चकती चटका बसण्याइतकी तापत होती आणि त्या माझ्या आकड्यांकडे पाहत होत्या. मला ओरडता येत नाही. मला वाजवता येत होती ती एक घंटाच.

धूर निघाला तेव्हा शेजारच्या कनकाबाई धावत आल्या. त्यांनी मेन स्विच बंद केला, सईबाईंना ओढून बाजूला नेले, माझ्यावर वाळूची बादली ओतली. सईबाई वाचल्या. त्यांची दोन बोटे काढावी लागली. उरलेला हात आता उघडत नाही.

त्या घरी आल्यावर सहाना त्यांच्या पायाशी बसली. “त्या दिवशी तू काय सांगत होतीस, अम्मा?”

सईबाई बोलू लागल्या. एकेक शब्द यायला वेळ लागत होता. फोन दोनदा वाजला, सहानाने तो पाहिला नाही. “अप्पा... आधी... कां गेलं... तें पाहत.” वाक्य संपले तेव्हा सहानाने ओढणीत तोंड लपवले. सईबाईंनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका. त्याची वेळ गेली. पण तुमच्या घरात एखादे यंत्र बंद पडले तर ते कसेबसे चालू करण्याआधी ते का थांबले हे विचारा. आणि घरातले कोणी सावकाश बोलत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत तिथेच बसा.