तराफ्याला हात

बेलार्मिनोने तराफ्याच्या टोकाखाली ओंडका सरकवला आणि नेहमीसारखी हाळी दिली, "हात लावा रे!"

ब्राझीलमधल्या फोर्तालेझाच्या किनाऱ्यावर या हाळीला कुणी पाठ दाखवत नसे. आदल्या दिवशी डोकं फोडायला निघालेला शेजारीसुद्धा निमूट येऊन तराफा ढकलायचा. गलबतं दूर खोल पाण्यात उभी राहायची. माल असो की माणूस, तराफ्याशिवाय तिथवर पोचत नसे.

आज कुणी हललं नाही. सगळे तराफेवाले हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्यामागे अख्खं गाव लोटलं होतं. वर्षापूर्वी घरातले गुलाम विकून मोकळी झालेली पेठेतली बडी मंडळी तर सगळ्यांत पुढे उभी राहून घसा फोडत होती.

"एकही गुलाम जाणार नाही! या किनाऱ्यावरून एकही नाही!"

फिलोमेना नवऱ्याच्या, बेलार्मिनोच्या तराफ्यामागे आपल्या ठरलेल्या जागी उभी होती. दलालाने दक्षिणेत विकायला आणलेल्या गुलामांत जेनोवेवा नावाची एक बाई होती. तिचं तान्हं पोर मालकाच्या घरी राहिलं होतं, पोलकं दुधाने भिजलं होतं. एकदा गलबतावर चढली की दक्षिणेतले कॉफीचे मळे, मग पोर कुठलं दिसायला!

"फिलोमेना, लाव हात."

"मी एकटी?"

"तू आणि मी. ढकलू कसंतरी."

"अहो, तिच्याकडे बघा तरी एकदा."

"बघून काय करू? शब्द दिलाय मी दलालाला."

"द्यायला कुणी सांगितलं होतं रे शहाण्या?" शेजारच्या तराफ्यावरून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

बेलार्मिनोचे कान लाल झाले. तो वाईट नव्हता, हट्टी होता. त्याने खाली मान घालून तराफ्याला छाती लावली.

फिलोमेना वाकली. तिने मागचा ओंडका हिसका देऊन काढला आणि त्याच्यावर फतकल मारून बसली. तराफ्याचं बूड वाळूत रुतलं.

"ढकला आता."

मागे कुणाला काही धड दिसलं नव्हतं. तराफा थांबला एवढंच दिसलं.

"बेलार्मिनो नाही म्हणाला!" कुणीतरी ओरडलं, आणि किनारा दणाणला. टोप्या उडाल्या, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पोरांनी बेलार्मिनोला उचलून खांद्यावर घेतलं.

"अरे, मी कुठे..."

ऐकतंय कोण! फिलोमेना ओंडक्यावर बसून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

गर्दीतून वाट काढत दलाल आला. जेनोवेवाचं मनगट त्याच्या मुठीत होतं. त्याने खांद्यावर बसलेल्या बेलार्मिनोचा पाय धरून हिसका दिला.

"तमाशा पुरे. उद्या पहाटे ये, तेव्हा इथे चिटपाखरू नसेल."

नुसती होकाराची मान हलवली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. बेलार्मिनोने वरून पाहिलं. जेनोवेवाच्या पोलक्यावरचा ओला डाग आता कमरेपर्यंत उतरला होता.

"उद्याही नाही," तो म्हणाला.

त्या गदारोळात ते फक्त दलालाला आणि जेनोवेवाला ऐकू गेलं.