सुनयनाचे पिस्टन

पिस्टनचं खोकं कोइमतूरहून आलं तेव्हा माझी बायको सुनयना बेळगावच्या दवाखान्यात होती. मी सही करून ते घेतलं आणि कपाटात तिच्या ड्युटीच्या साड्यांखाली ठेवलं. ती घरी परत आली, पण खोकं उघडून बघण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. पुढं ती गेली. खोकं तसंच राहिलं.

सुनयना संकेश्वरला सरकारी दवाखान्यात नर्स होती. आम्ही राहतो निपाणीत. रोज ती आमची जुनी पद्मिनी गाडी चालवत जायची. मी एस.टी.त कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर मीही तिच्या शेजारी बसून जायला लागलो. ती कामाला लागली की तिथं पेपर वाचायचा, परत तिच्याबरोबर यायचं. दुसरं काम काय होतं मला?

तवंदीचा घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरवर दमायची. वळणावर सुनयना दुसरा टाकायची, मागचे ट्रकवाले हॉर्न मारायचे. दुसऱ्यावर गुरगुरत वर पोचेपर्यंत इंजिन तापायचं. मग माथ्यावर चहाच्या टपरीजवळ थांबायचं, बॉनेट उघडायचं, गार होईपर्यंत चहा घ्यायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

"हिच्यात दम न्हाय," ती म्हणायची. "मी हिचे पिस्टन बदलणार बघा."

कुणीतरी तिला सांगितलं होतं, की जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन मिळतात. त्यांचा माथा जुन्यापेक्षा उंच असतो. वर जागा कमी उरते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते, जोर वाढतो. मी दरवेळी म्हणायचो, "कशाला? चाललंय की बरं."

यंदा गाडी निळा धूर सोडायला लागली. मुलगी समता बेळगावला बँकेत आहे, रविवारी येते. ती म्हणाली, "आप्पा, एकतर इंजिन करा, न्हायतर इका. दारात उभी राहून गंजायला लागली."

विकायचा प्रश्नच नव्हता. सुनयनाची चालती राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती. खोकं काढलं आणि नागेंद्रच्या गॅरेजवर गेलो. सुनयनाची गाडी तोच बघायचा.

त्यानं एक पिस्टन हातात घेऊन फिरवला. "अक्कांनी मागवलेले व्हय? लई भारी हाईत. पण अण्णा, एक सांगतो. माथा उंच म्हणजे व्हॉल्व्ह खाली आला की धडकू शकतो. धडकला तर व्हॉल्व्ह वाकणार, पिस्टन फुटणार. हे इंजिन गेलं तर दुसरं मिळायचं न्हाय."

"मग?"

"मापून बघायचं. घरनं कणीक मळून आणा. पिस्टनवर थापायची, वर हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं. खोलल्यावर व्हॉल्व्हचा ठसा दिसतो. ठशाखाली जेवढी कणीक उरली, तेवढी मोकळी जागा."

"कणकेनं मापतोस?"

"माझ्या बापापासनं. हसू नका. निम्म्या निपाणीच्या गाड्या कणकेवर पळत्यात."

घरी गव्हाचं पीठ नव्हतं. चपात्या मला जमत नाहीत. ज्वारीचं होतं, तेच भिजवून नेलं. नागेंद्रनं तोंड वाकडं केलं. "ह्ये काय आणलं, अण्णा?"

"पीठ ते पीठ."

"बघू," म्हणून त्यानं थापलं. हेड आवळलं, इंजिन फिरवलं, पुन्हा खोललं. पिस्टनवर पिठाचा जाडसर थर होता. त्यानं पातं घालून थराची जाडी बघितली आणि खूश झाला. "भरपूर जागा हाय. सुटला तुम्ही. बसवून टाकू."

मी वाकून बघितलं. थराला भेगा पडल्या होत्या. ठसा असा नव्हताच, पीठ फुटून कडेचं मधे सरकलं होतं. असा थर मी ओळखत होतो. सुनयना अंथरुणाला खिळल्यावर मी भाकरी करायला लागलो, तेव्हा माझी प्रत्येक भाकरी अशीच फुटायची. ती पडल्या पडल्या सांगायची, "अहो, पाणी गार घातलं व्हय? ज्वारीला चिकटपणा नसतो. उकळतं पाणी घाला, मग मळा."

"नागेंद्र, हे माप खोटं हाय," मी म्हणालो. "स्टोव्ह कुठाय तुझा?"

"आता भाकरी करताय काय?"

त्याच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. पिठात ओतलं, हात भाजत मळलं. गोळा लोण्यासारखा झाला. नागेंद्रनं पुन्हा थापलं, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावलं, पुन्हा सगळं आवळलं, फिरवलं, खोललं. या वेळी गोल, स्वच्छ ठसा उठला होता. ठशाच्या कडेला पीठ कागदाएवढं पातळ उरलं होतं. पलीकडून पिस्टन चमकत होता.

नागेंद्रनं त्या पातळ कडेवर नख टेकवलं. मग म्हणाला, "अण्णा, पहिल्या वळणावरच गेलं असतं."

त्यानं चारही पिस्टनना लेथवाल्याकडून माथ्यावर व्हॉल्व्हपुरते खड्डे पाडून घेतले. पुन्हा उकड घेऊन मापलं. मग इंजिन बांधलं.

रविवारी समता आणि मी संकेश्वरकडं निघालो. गाडी समता चालवत होती. घाट लागला. जास्त दाबानं पेट्रोल वेळेआधी पेटलं तर इंजिनात खडखड होते, ती ऐकू येते का म्हणून मी कान देऊन बसलो होतो. वळण आलं. माझा हात आपोआप दाराच्या मुठीकडं गेला, कारण इथं गिअर बदलताना गाडी हिसका द्यायची. समतानं गिअर बदलला नाही. गाडी तिसऱ्यावरच चढत राहिली. खडखड नव्हती. एक ट्रक मागं पडला.

माथा आला. टपरी दिसली. चहावाल्यानं गाडी ओळखून हात वर केला. तापमानाचा काटा मधल्या खुणेलाही पोचला नव्हता.

"थांबू काय, आप्पा? तुमी न् आई इथंच थांबत होता न्हवं?" समतानं वेग कमी केला.

मला थांबायचं होतं. खरं तर ते पिस्टन नकोत असं मी एवढी वर्षं म्हणत होतो, ते या टपरीसाठी. दिवसातला तेवढाच वेळ आम्ही दोघं काही न करता उभे असायचो. पण सुनयना उभी असायची ती घड्याळाकडं बघत. चहा अर्धा टाकून द्यायची. "तुमचं चालतंय, दवाखान्यात माझ्याकडं लाइन लागलेली असती बायकांची," असं म्हणायची. हा थांबा तिला कधीच नको होता. मला हवा होता.

"नको," मी म्हणालो. "तुझ्या आईला उशीर व्हायचा."

समतानं माझ्याकडं बघितलं. मी चहावाल्याला हात केला. तिनं पाय दाबला आणि गाडी संकेश्वरच्या बाजूला उताराला लागली.