क्लचवर पाय

गाडी फाटकात येण्याआधी तिचा वास आला. जळक्या क्लचचा वास मिस्त्रीणबाईला नवा नव्हता. तिचे अर्धे आयुष्य त्या वासात गेले होते. पण ही गाडी चढावर ज्या तऱ्हेने बोंबलत होती, ते ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली. गोंगाट ढीगभर आणि चाल मुंगीची. कशीबशी सरपटत ती गॅरेजच्या आवारात येऊन थांबली आणि आतून तिचा धाकटा भाऊ उतरला. चारी काचा खाली, नाकाला रुमाल.

"ताई, वाचव गं बाई. अर्ध्या वाटेपासून हा तमाशा चाललाय. नुसती ओरडते, पुढे सरकतच नाही."

"फोन करायचास की, येतोय म्हणून."

"अगं, घाईघाईत ठरलं."

तिने मागचे दार उघडले आणि एक पाऊल मागे सरकली. मागच्या सीटवर बाबा बसले होते. त्यांच्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरले होते, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून, एखादे फर्निचर हलवताना मारतात तशी. प्लॅस्टिकच्या घडीत पाणी साचले होते. ते पाणी कसले हे कुणी सांगायला नको होते. बाबांची विजार मांड्यांपर्यंत भिजली होती आणि ते स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होते.

"वाटेत कुठे थांबला नाहीस?"

"थांबून काय करणार? पुन्हा तेच. आणि क्लचचं हे असं झालेलं, थांबलो तर निघायचीच नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "दोन-चार दिवस राहतील तुझ्याकडे. हवापालट होईल."

तिने बाबांच्या काखेत हात घातला. हे गॅरेज त्यांचेच. संसार दोन वर्षांत आटोपून ती परत आली तेव्हा बाबांनी तिला तोंडभर बोलून घेतले होते. मग हाताखाली माणूस मिळेना म्हणून पाने-पक्कड उचलून द्यायला उभी केली. तशी उभी राहून राहून ती काम शिकली. गिऱ्हाइकांना मात्र ते सांगत, मुलगी चहापाणी बघते. सहा वर्षांपूर्वी मुलाने मोठ्या शहरात घर घेतले, तेव्हा बाबा ताठ मानेने त्याच्या शेजारच्या सीटवर बसून गेले. म्हातारपण पोराच्या दारात काढायचे, असे गल्लीभर सांगून गेले. गॅरेज तिच्या पदरात पडले ते दुसरे कुणी घेईना म्हणून.

"कपडे कुठे आहेत यांचे?"

"डिकीत."

डिकीत दोन मोठ्या बॅगा होत्या. भर उन्हाळ्यात स्वेटर, रजई, काठी, दाढीचा आरसा, औषधांचे खोके. आणि सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळलेला, आईचा फोटो.

दोन-चार दिवसांसाठी कुणी बायकोचा फोटो बरोबर नेत नाही. तिने डिकी आपटून बंद केली. भावाने मान वळवून रस्त्यावर काहीतरी बघितल्यासारखे केले.

बाबांना कोरडी विजार घालून तिने दारातल्या खुर्चीत बसवले आणि कामाला लागली. बॅटरी काढली, गिअरबॉक्सचे तेल सोडले, दोन्ही बाजूंचे चाकांकडे जाणारे दांडे ओढले, इंजिनाला खालून टेकू दिला. गिअरबॉक्स खाली उतरला तशी काळी भुकटी तिच्या मनगटांवर सांडली. क्लचप्लेट हातात घेऊन तिने उजेडात धरली. अस्तर नावाला उरले नव्हते, रिव्हेटची डोकी उघडी पडली होती. त्या डोक्यांनी इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलच्या तोंडावर, गोल गोल चरे पाडले होते, आणि चऱ्यांच्या मधे निळेकाळे डाग. नख फिरवले तर बारीक तडे लागत होते.

"फ्लायव्हील पण गेलं," ती म्हणाली.

"ते राहू दे गं. घासून घे जरा. संध्याकाळी निघायला हवं मला. उद्या ऑफिस आहे."

"तडे गेलेत त्याला. घासून काय होणार? फुटलं तर पाय जाईल तुझा."

"म्हणजे?"

"म्हणजे नवं आणायचं. सकाळी मिळेल. आज रात्री राहा, बापाजवळ झोप."

त्याचा चेहरा जेवताना केस तोंडात आल्यासारखा झाला.

सकाळी ती आवारात आली तर भाऊ टेकूंवर उचललेल्या गाडीत, पुढची सीट आडवी करून झोपला होता. काचा घट्ट वर. आत अत्तर फवारलेले. रात्री बाबांनी दोनदा हाक मारली होती. दोन्ही वेळा तीच उठली होती, आणि त्या दोन हाका आवारापर्यंत पोचत होत्या हे तिला पक्के ठाऊक होते.

"ऊठ. इंजिनाला नुसता टेकू आहे. कूस बदलली असतीस तर गाडी खाली आली असती."

"आत झोप येईना," तो डोळे चोळत म्हणाला. "तुला सवय आहे ताई, या घाणीची. ग्रीस, तेल... तुला काही वाटत नाही. आमच्याकडे तर बायकोला अन्न जाईना गं. पोरं मित्रांना घरी आणेनात."

तोंडात काहीतरी आंबट आले ते तिने नालीत थुंकून टाकले. नवे फ्लायव्हील आले होते. तिने ते पुसून बसवले, बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळले. नवी प्लेट मधोमध धरून तिच्यावर तिला दाबून धरणारी प्रेशरप्लेट चढवली, बेअरिंग बदलले. काम चोख होत होते याचाच तिला राग येत होता. या माणसाची गाडी नीट पळावी म्हणून ती राबत होती, म्हणजे त्याला लवकर पळता यावे म्हणून. एखादा बोल्ट सैल ठेवावा, असे मनात येऊन गेले. पण हात ऐकेनात.

दुपारपर्यंत गाडी तयार झाली. तिने एक चक्कर मारून आणली. चढ गाडीने हसत चढला. परत आली तर भावाने बॅगा बाबांच्या खुर्चीपाशी आणून ठेवल्या होत्या आणि चावीसाठी हात पुढे केला होता.

तिने चावी मुठीत ठेवली.

"आधी बाबांना सांग."

"काय सांगू?"

"दोन-चार दिवस नाही, कायमचं सोडून चाललोय. एवढं तोंडानं बोल. मग घे चावी."

"ताई, काय हे! लोक बघतायत."

"बघू देत. डिकीत त्यांचं घर भरून आणलंस, तेव्हा लाज नाही वाटली?"

भावाने ओठ हलवले. एकदा बॅगांकडे पाहिले, एकदा बुटांकडे. तिला वाटले, अजून क्षणभर. अजून क्षणभर थांबले तर हा बोलेल किंवा रडेल, काहीतरी माणसासारखे करेल.

"दे गं त्याला चावी," बाबा म्हणाले. आल्यापासून त्यांनी उच्चारलेले हे पहिले वाक्य. "उशीर होतोय त्याला." मग मुलाकडे पाहून, गिऱ्हाइकाला सांगावे तसे म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवत जाऊ नकोस. खराब होतं."

"हो बाबा," भाऊ म्हणाला, आणि तिच्या सैल पडलेल्या मुठीतून त्याने चावी काढून घेतली. वाकून पाया पडल्यासारखे केले, हात पायांपर्यंत पोचू न देता. गाडी एका दमात सुरू झाली आणि आवाज न करता निघून गेली.

तिला भावापेक्षा आता बाबांची शिसारी आली. आजवर तिच्याशी एक धड शब्द बोलले नाहीत, आणि उरलेले बळ खर्च केले ते त्या भित्र्याची लाज झाकायला.

"बघितलंत ना? सीटला प्लॅस्टिक घालून आणलं त्यानं तुम्हाला."

"त्याच्या गाडीची सीट खराब झाली असती," बाबा म्हणाले. आणि मग, फार हळू, "मला पुन्हा झालंय."

तिने त्यांना न्हाणीघरात नेले. गरम पाणी काढले. विजारीची नाडी सोडली तसा वास असा अंगावर आला की तिला भिंतीकडे तोंड करून ओकारी काढावी लागली. एकदा, मग पुन्हा एकदा. सवय आहे म्हणे. तिने तोंड धुतले आणि वळली.

बाबांनी दोन्ही हातांनी सदऱ्याचे टोक पुढे ओढून धरले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते.

"तू जा," ते म्हणाले. "मी घेतो माझं."

त्यांना तांब्यासुद्धा उचलवत नव्हता.

"मी डोळे मिटते," ती म्हणाली. "तुम्ही भिंतीला धरा."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने सदऱ्याचे टोक सुटल्याचे तिला जाणवले. मग हात चाचपत तिने तांब्या शोधला, पाणी किती गरम आहे ते मनगटावर पाहिले, आणि हळूहळू त्यांच्या पाठीवर ओतायला सुरुवात केली.