प्राणडबी आणि लाल बटण

हॉल खचाखच भरला होता, मावशी गात होती आणि स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. तिच्यासमोर तिचा जुना, लाडका माइक उभा होता. माइकच्या वायरीत मधेच काड्यापेटीएवढी पितळी डबी जोडलेली होती. मागच्या रांगांतली माणसं माना उंचावून बघत होती.

"काय ऐकू आलं?" तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नादगुरूंनी विचारलं. "काही नाही! कारण हा आवाज निष्प्राण आहे. देह आहे, जीव नाही. आता बघा."

त्यांनी डोळे मिटले, एक लांबलचक हुंकार भरला आणि डबीवर तळहात टेकवला. त्याच क्षणी मावशीचा आवाज हॉलभर पसरला. भरदार, स्वच्छ, खरखरीचा मागमूस नाही. पहिल्या रांगेतल्या शिवणवर्गाच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी जयजयकार केला आणि सगळे त्यात सामील झाले.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. या हॉलमधल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग मीच करतो, पण त्या दिवशी माझ्या साउंड मिक्सरपाशी नादगुरूंचा शिष्य उभा होता, वायरी बघायला म्हणून. गुरूंचा तळहात टेकला तेव्हा शिष्याचं बोट मिक्सरवरच्या लाल बटणावर पडलं. ते मी पाहिलं. राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, नुसता थकवा आला. आता हे सगळं सगळ्यांना समजावत बसायचं, आणि शेवटी वाईट आपणच व्हायचं.

नुसत्या गाण्याची गोष्ट असती तर मी गप्प बसलो असतो. पण मावशीचा घसा कित्येक महिने बसलेला होता. मीच मागे लागून तिला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेव्हा स्वरयंत्रावर गाठ निघाली. "काढायची आणि तपासायला पाठवायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कसली आहे ते त्याशिवाय कळणार नाही. थांबू नका." तारीखही ठरली. तेवढ्यात नादगुरू उगवले. "गळ्याला सुरी लावणार? अहो, ती गाठ नाही, तो अडकलेला नाद आहे. माझी प्राणडबी त्याला वाट करून देईल." आणि मावशीने दवाखान्याला फोन करून तारीख रद्द केली.

आई गेल्यावर याच मावशीने मला लहानाचं मोठं केलं. मी घरी गेलो तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. काका शेजारी पेपर घेऊन बसले होते.

"मावशी, तुझा माइक मुळातच मंद आहे," मी म्हणालो. "तू हळू गायलीस की मिक्सरला तो आवाज खूप ताणावा लागतो. ताणला की मिक्सरची स्वतःची खरखरही त्याच्याबरोबर मोठी होते. ती डबी माइकपाशीच आवाज जरा उचलून देते, मग मिक्सरला ताणावं लागत नाही. एवढंच आहे त्यात. जुन्या सामानातून मीसुद्धा बनवून देईन."

"मग इतके दिवस का नाही बनवलीस?"

"माझ्या माइकला हात लावायचा नाही, असं कोण म्हणायचं?"

ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला बराच वेळ थांबला नाही.

"पण त्यांनी हात ठेवेपर्यंत आवाज आला नाही, हे तर खरं ना?" काका म्हणाले. "मी स्वतः होतो तिथे."

"काका, त्या डबीला वीज लागते. ती त्याच वायरीतून मिक्सरकडून जाते, लाल बटण दाबलं की. वीज नसली तर डबी आवाज पुढे जाऊच देत नाही. हात महाराजांचा आणि बोट शिष्याचं."

"तुला जिकडेतिकडे बटणंच दिसतात," काका म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं.

"मला बरं वाटतंय रे," मावशी हळूच म्हणाली. "त्या स्पीकरमधून ऐकलं की वाटतं, मी आहे अजून."

मी चहा घेतला आणि निघालो.

पुढच्या बैठकीला मी मिक्सरपाशी आधीच जाऊन बसलो. शिष्य आला तसं त्याला म्हणालो, "तुम्ही बसा पुढे, आज दर्शन घ्या." तो घुटमळला. गुरूंकडे बघत राहिला, पण भरल्या सभेत बोलणार काय? बसला बिचारा.

हुंकार झाला. तळहात टेकला. मावशी गाऊ लागली आणि स्पीकर ढिम्म. गुरूंनी दुसरा हात टेकवला. मग दोन्ही हातांनी डबी धरली, कपाळाला लावली. काही नाही.

"या हॉलमध्ये एक अश्रद्ध माणूस आहे," ते घाम पुसत म्हणाले. "नाद अवघडलाय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "याला बाहेर काढा." गुरूंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, डबीपासून चांगले चार हात लांब जाऊन, आणि मी बटण दाबलं. मावशीचा आवाज हॉलभर घुमला.

मला वाटलं, झालं, आता लोकांच्या डोळ्यांवरची पट्टी उतरेल. कसलं काय!

"बघा, उशीर झाला, पण कृपा झालीच!" शिवणवर्गाच्या बाई ओरडल्या. "डबीला न शिवता झाली!" पुन्हा जयजयकार. गुरूंनी लगेच पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात उंचावले. माणूस तयारीचा होता, मानलं पाहिजे. मी खुर्चीत मागे रेललो. घरी जावं आणि झोपावं, एवढंच मनात आलं.

मावशी मात्र गायची थांबली होती. जन्मभर सुरांशी भांडलेली बाई ती. गर्दी काय म्हणते यापेक्षा कान काय म्हणतो याकडे तिचं लक्ष. ती उठून माझ्यापाशी आली.

"माझं जुनं गाणं आहे का रे तुझ्याकडे? डॉक्टरांकडे जायच्या आधीचं, घसा फार बिघडला होता तेव्हाचं?"

"फोनमध्ये आहे."

"ते माइकसमोर वाजव. आधी डबी न लावता."

मी डबी काढली, बटण बंद केलं आणि फोन माइकसमोर धरला. पातळ आवाज आला, खरखरीत बुडालेला. मग डबी जोडली, बटण दाबलं आणि तेच गाणं पुन्हा लावलं. तोच भरदार, स्वच्छ आवाज हॉलभर पसरला. लोक खूश होऊन माना डोलावू लागले. मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"पुन्हा लाव. वरच्या सुरापासून."

मी पुन्हा लावलं. वरच्या सुरावर आवाज फाटला. आधी ते फाटणं खरखरीत लपत होतं, आता लख्ख ऐकू आलं. मावशीने डोळे उघडले.

"महाराज," ती म्हणाली, "ही त्या वेळची मी. नाद अडकलेली. तुमची माझी भेटसुद्धा झाली नव्हती. हिला कुणी बरं केलं?"

"नाद काळाच्या पलीकडे असतो, माउली. तो मागेही वाहतो..."

"मग मागे जाऊन ती गाठ होऊ द्यायची नव्हतीत." तिचा आवाज घोगरा होता आणि शांत होता. ती माझ्याकडे वळली. "आवाज मोठा झाला म्हणजे बरा झाला असं नाही ना रे?"

"नाही, मावशी. जास्त ऐकू येतो, इतकंच."

"मग आजारही जास्त ऐकू येतो." तिने काकांकडे पाहिलं. "अहो, दवाखान्यात फोन लावा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि फोन लावला. तो लागेपर्यंत नादगुरू आणि शिष्य मागच्या दाराने निघून गेले होते. डबी मात्र वायरीतच राहिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मावशीने त्याच हॉलमध्ये छोटी मैफल ठेवली. पुढे आवाज राहील की नाही, कुणीच सांगत नव्हतं, म्हणून तिला रेकॉर्डिंग हवं होतं. थोडा वेळ, अगदी हळू आवाजात गायला डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. आणि हळू गाणं नीट टिपायला ती डबीच उपयोगाची होती. मी ती उघडून पाहिली होती. आत दोन ट्रान्झिस्टर, थोडी किरकोळ जोडणी, आणि वजन यावं म्हणून शिशाचा तुकडा.

गाण्याआधी मावशीने शिवणवर्गाच्या बाईंना मिक्सरपाशी बोलावलं. "ते लाल बटण दाबा." त्या बिचकल्या, मग दाबलं. "ऐकू येतंय?" मावशीचं कुजबुजणं मागच्या रांगेपर्यंत पोचलं. बाई स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या.

"कुणाच्याही बोटाने होतं," मावशी म्हणाली. "डबी चांगली आहे, तिला दोष देऊ नका. ती आवाज मोठा करते. बरं करायला मी उद्या दवाखान्यात जातेय, आणि खूप उशिरा जातेय. तुमच्यापैकी कुणाचा घसा बरेच दिवस बसला असेल तर डॉक्टरांना दाखवा. कुणी हात ठेवून बरं करतो म्हणाला, तर त्याचा हात बघू नका. दुसरं कुणी काय करतंय ते बघा."

मग ती गायली. पहिल्या रांगेत काका दवाखान्याची पिशवी पायाशी घेऊन बसले होते. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला, आणि तोही स्वच्छ टिपला गेला. नंतर रेकॉर्डिंग साफ करताना मी तेवढा भाग तसाच ठेवला. ती तशीच गायली होती.