ग्रहण सुटेस्तोवर

“बब्रू, आधी ती कात्री खाली ठेव,” मुक्ताबाई ओसरीवरून म्हणाल्या.

अंगणात तात्यारावांची जुनी ॲम्बेसिडर दगडांवर चढवून ठेवली होती. इंजिनाच्या पोटाखालचा ऑईलचा चेंबर बब्रुवाननं सकाळीच खोलला होता. महिनाभर ऑईल गळत होतं ते तिथूनच. चेंबर आणि इंजिनाच्या फटीत बसवलेल्या जुन्या कागदी पॅकिंगचा हात लावताच भुगा झाला. एवढ्या म्हाताऱ्या गाडीचं तयार पॅकिंग परंड्यात कुठलं मिळायला? चेंबर उलथा घालून त्याच्या मापानं तो नवा कागद कापायला बसला होता.

“काकू, आता कापलं तरच गाडी चालू व्हईल.”

“ग्रहान लागलंय. घरात पोटुशी पोर हाय. आज कापायचं न्हाय का चिरायचं न्हाय.”

ऐंशी सालचं ते सूर्यग्रहण. रेडिओनं असा काही धसका दिला होता की भरदुपारी सगळं गाव दारं लावून बसलं होतं. बब्रुवानला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याचा बाप ग्रहणात ‘दे दान, सुटे गिरान’ करत याच अंगणात उभा राहायचा. मग त्यानं बुद्धाचा धम्म घेतला आणि त्याच दिवशी झोळी चुलीत घातली. बब्रुवान ही गोष्ट चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. आज तर तो मुद्दाम पोटभर भाकरी खाऊन आला होता.

पण आतून सुमन ओरडली, आणि त्याचा हात थांबला.

तात्याराव आणि मुक्ताबाईंची ही थोरली लेक, पहिलटकरीण, माहेरी आलेली. आठवा सरला नव्हता, तरी अचानक कळा सुरू झाल्या. सुईण बाहेर आली ती पदरानं हात पुसतच. रगत जातंय, बार्शीला हलवा, म्हणाली. बैलगाडीच्या हादऱ्यानं पोर वाटेतच जाईल. आज एसटीही फिरकली नव्हती, आणि गावात दुसरी मोटार नव्हती.

तात्याराव सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या एका शब्दावर गाव उठायचं आणि बसायचं. ते मघापासून गाडीभोवती नुसते घिरट्या घालत होते. बब्रुवानला त्यांनी लिंबाखाली नेलं.

“किती येळ लागंल?”

“कापलं की चेंबर चढवतो, ऑईल भरतो. तासाभरात निघाल.”

“आन पॅकिंगबिगर?”

“ऑईल सगळं सांडंल. इंजिन जाम होऊन माळावर अडकाल, तात्या.”

तात्याराव खाकरले. “गाडी चालू झाली की म्या पोरीला घालून निघतो. हिची आई आडवी पडली तरी निघतो. पर कात्री चालव, असं माझ्या तोंडून निघायचं न्हाय. तुला वाटलं तर चालव.” एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली.

वा रे चेअरमन! सगळं ओझं त्यांनी गड्याच्या डोक्यावर दिलं आणि आपण मोकळे झाले.

ऊन विटल्यासारखं झालं. लिंबाखालचे कवडसे कोयत्यासारखे वाकडे पडले, कोंबड्या मुकाट खुराड्यात शिरल्या. बब्रुवाननं कात्री उचलली. ओसरीवरून मुक्ताबाई त्याच्याकडं टक लावून बघत होत्या.

पाऊस दगा देऊन गेलेला. बब्रुवानच्या वस्तीतला आड कोरडा ठाक होता, आणि वस्तीच्या सगळ्या बाया घागरी घेऊन तात्यारावांच्या विहिरीवर येत होत्या. ती विहीर मुक्ताबाईंनीच खुली केली होती. पोरीचं बरंवाईट झालं, नाहीतर पोर फाटक्या ओठाचं निपजलं, तर रक्त आधीपासून जात होतं हे कोण ध्यानात घेणार? बब्रूनं ग्रहणात कात्री चालवली, एवढंच गाव म्हणेल. मग वस्तीनं पाणी कुठून प्यायचं? हे सगळं खरं होतं. आणि तो भ्याला होता, हेही तेवढंच खरं.

त्यानं कात्री खाली ठेवली.

“सुटंल आत्ता ग्रहान,” तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना.

आत सुमन ओरडत राहिली, मग कण्हायला लागली.

ग्रहण सुटलं. घरादारानं अंगावरून पाणी घेतलं. बब्रुवाननं पिसाटासारखं काम उरकलं, बोल्ट एकसारखे आवळले, ऑईल भरलं. एक थेंब गळाला नाही. गाडी निघाली तेव्हा दिवस मावळत होता.

सकाळी ती परत आली. मागच्या सीटवर सुमन पांढऱ्या कापडात होती, आणि तिच्या कुशीत, त्याच कापडात, बाळ. डॉक्टर म्हणाला होता, फार उशीर केलात.

तिसऱ्या दिवशी बब्रुवान भेटायला गेला आणि नेहमीसारखा अंगणातच उभा राहिला. मुक्ताबाईंनी त्याला वर बोलावलं. त्या ओसरीची पायरी तो कधी चढला नव्हता.

“ये, हितं बस,” त्या म्हणाल्या, आणि पाहुण्यांकडं वळल्या. “ह्यानं माझं ऐकलं. कात्री चालवली असती, तर जलमभर म्या ह्यालाच बोल लावला असता. ह्याच्याकडं काई दोस न्हाय.”

तात्याराव जमिनीकडं बघत होते. पाहुणे सरकले, आणि घोंगडीवर त्याला जागा झाली.

बब्रुवान बसला, आणि सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडायला लागला. किती जीव होता ह्याचा पोरीवर, असं कुणीतरी म्हणालं, आणि मुक्ताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.