तरंगणारा थेंब

हॉलच्या दारापर्यंत माणसं खेटून उभी होती. टेबलावर पाण्याचे दोन ग्लास आणि मागे थेंबमहाराज. छाती दुखते म्हणून आलेल्या शिंप्याच्या बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पहिल्या ग्लासात पडला तो सरळ तळाशी गेला.

"बघा, हृदय जड झालंय!" महाराज गरजले. "म्हणून छाती जड! आता ओझं उतरवतो." शिंप्याच्या छातीवरून रुमाल फिरला. पुढचा थेंब दुसऱ्या ग्लासात पडला आणि वरच तरंगला. "झालं हलकं!" टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात शिंप्याची धाकटी बहीण गर्दी रेटत आत आली. बारा वर्षं ती इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासत होती. दादाची छाती तासाभरापासून दाबल्यासारखी दुखतेय, असा वहिनीचा फोन आला तेव्हापासून तिचं डोकं तापलं होतं. अन् हा शहाणा इथे!

"दादा, घामानं निथळतोयस. ऊठ!"

"अगं, हलकं झालं ना आता. सगळ्यांनी पाहिलं."

"हृदय म्हणजे काय भाजीची पिशवी आहे, जड-हलकं व्हायला?"

टेबलाखाली लपवलेली बाटली तिनं हेरली; दुसरा ग्लास तिच्यातूनच भरला असणार. ती उचलून तिनं घोट घेतला आणि थुंकली. "खारट ढोण!" मग स्वतःचं बोट टोचून दोन्ही ग्लासांत एकेक थेंब टाकला. साध्या पाण्यात बुडाला, मिठाच्या पाण्यात तरंगला. "माझ्यावर कुणी रुमाल फिरवला? मिठाचं पाणी रक्तापेक्षा जड असतं, एवढीच यांची विद्या!"

"मीठ शुद्धीसाठी असतं," महाराज पुटपुटले.

"मग लपवलंत कशाला?" गर्दीतली एक म्हातारी कडाडली.

दादाला तिनं ओढतच इस्पितळात नेलं. तिथे ईसीजीवरून नक्की काही कळेना. रक्ताचा पहिला रिपोर्टही चांगला आला. दादा हसला. "पटलं? महाराज खरेच निघाले. चल घरी."

"गप पड! हृदयाचा स्नायू दुखावला की त्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन हळूहळू रक्तात झिरपतं. सुरुवातीला सापडेलच असं नाही. तीन तासांनी परत रक्त घेणार. तोवर जागचा हललास तर याद राख!"

दुसऱ्या रिपोर्टात आकडा कितीतरी पटींनी चढला होता. डॉक्टरांनी दादाला तातडीनं आत नेलं आणि हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "घरी गेलो असतो तर गं?"

"गेलाच असतास," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

बाबांनो, छातीत कळ आली तर असल्या महाराजांपुढे रांगा कसल्या लावता? इस्पितळ गाठा. पहिल्या तपासणीत चुकू शकतं म्हणून जे दुसऱ्यांदा रक्त मागतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा. कधीच चुकत नाही म्हणणारा तुमचा जीव घेईल, आणि वर तुमचीच श्रद्धा कमी पडली म्हणेल.