एकाला पेज, सगळ्यांना पेज

तर त्या अनाथाश्रमात अगदी लहान मुलांची एक खोली होती, आणि त्या खोलीत एक मुंगी होती. म्हणजे मुलगीच, पण एवढीशी, की आल्या दिवशीच कुणीतरी तिला मुंगी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. वय अडीच वर्षं, पण फ्रॉक वर्षाच्या बाळाचा बसायचा. पोट टम्म, नगाऱ्यासारखं, आणि खाली पायांच्या दोन काटक्या. रडायची नाही, काही मागायची नाही, चमचा पुढे आला की गुपचूप आ करायची. जो तो म्हणायचा, काय शहाणं बाळ आहे. आणि या शहाण्या बाळाला सदानकदा काहीतरी झालेलं असायचं. जुलाब संपले की खोकला, खोकला संपला की कान वाहतोय, कान बरा होतोय तोवर पुन्हा जुलाब.

या खोलीची सगळी जबाबदारी ताईवर. ताई तरुण, कामाला वाघ, आणि तिचा मुंगीवर भलताच जीव. म्हणून त्या महिन्यात वजनं करायला डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी मुंगीला काट्यावरून उचलून जे सांगितलं, ते ऐकून ताईच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढच्या वेळेपर्यंत पोरीचं वजन अर्धा किलो तरी वाढायला हवं, नाहीतर तिला दूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं. आणि तिकडे गेलेलं मूल बरं झाल्यावर तिकडच्याच आश्रमात राहतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंगीची सख्खी बहीण मात्र इथेच राहणार. ती मोठ्या मुलांच्या खोलीत होती, सहा वर्षांची, आणि आंघोळीपासून झोपण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणायचे. त्या दोघींना या जगात दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, हिला नीट खाऊ घाला. ते ताईच्या फारच जिव्हारी लागलं. घालतेच की. वाटी चाटूनपुसून रिकामी होते, अजून काय करायचं?

आणि ते खोटं नव्हतं, हीच तर गंमत. वाटी भरलेली असायची. पण वाटीत असायची पेज. पातळ, पांढरी, तळ दिसेल अशी.

त्यामागे आश्रमाच्या मोठ्या बाईंचा नियम होता. फार पूर्वी तिथे जुलाबाची साथ आली होती, खोलीच्या खोली आडवी झालेली, आणि मोठ्या बाईंनी चमच्या-चमच्याने पेज पाजून पोरांना मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. तेव्हापासून ठरून गेलं की लहानांच्या खोलीत एकाचं पोट बिघडलं की सगळ्या खोलीला पेज. एकच पातेलं, एकच पळी, कुणाचं कुणाला लागायला नको. आता मला सांगा, ज्या खोलीत दीड डझन पोरं एकमेकांची खेळणी चोखतात, तिथे कुणाचंच पोट बिघडलेलं नाही असा दिवस उगवणार कधी? आज याचं, उद्या तिचं. रोज सकाळी ताई स्वयंपाकघरात जाऊन आचारीमामांना सांगायची, मामा, आजचा दिवस पेजच. आजचा दिवस, आजचा दिवस करता करता किती महिने गेले ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग झालं काय, की ताईची अक्कलदाढ दुखायला लागली आणि ती काढावी लागली. गाल सुजून भोपळा. चावायची सोय नाही. तर ताई म्हणाली, चला, मी पण पोरांबरोबर पेजच घेते. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती झाडूवालीवर उगाच खेकसली. त्याच्या पुढच्या दिवशी ओला फ्रॉक पिळता पिळता उभ्या उभ्या डुलकी लागली, बादली कलंडली, आणि ती तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली, कारण उठायचंच मनात येईना. पोट पखालीसारखं डबडबलेलं, आणि भूक अशी की भिंत खावी.

आणि तिथे बसल्या बसल्या तिने समोर पाहिलं. समोर सगळी पोरं अशीच बसली होती. भिंतीला टेकून, पाय पसरून, गप्प. खेळणी पुढ्यात पडलेली, कुणी हात लावत नव्हतं. मुंगी सगळ्यात गप्प.

लोकांची अक्कलदाढ येते तेव्हा अक्कल येते म्हणतात, ताईची गेली तेव्हा आली.

तिने तडक डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मग त्या म्हणाल्या, आजारी मुलाला एखाददिवस पेज देत असाल असं मला वाटायचं, अख्ख्या खोलीला, रोज, हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. मग त्यांनी धडाधडा सांगायला सुरुवात केली. जुलाब असले तरी मुलाचं जेवण तोडायचं नाही. मऊ द्यायचं, थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. शिवाय मीठ-साखरेचं पाणी वेगळं, आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या. बरं झालं की काही दिवस एक जेवण जास्त. हात साबणाने धुवायचे, प्रत्येकाचा चमचा वेगळा.

हे मोठ्या बाईंना सांगायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. बाई कडाडल्याच. तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून मी मुलं वाढवतेय, असं म्हणाल्या, आणि डॉक्टरांना काय, महिन्यातून एकदा येऊन बोलायला जातंय काय, असंही म्हणाल्या. ताईचा सुजलेला गाल थरथरत होता, पण ती हलली नाही.

"बाई, दोन दिवस त्यांच्या पातेल्यातलं जेवा. फक्त तेवढंच. मग तुम्ही म्हणाल ते."

बाई म्हणाल्या, दोन काय, चार दिवस जेवते. आणि खरंच बसल्या, ताठ मानेने, पोरांच्या रांगेत, बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी आचारीमामा कोठीतून कांदे घेऊन आले तर मोठ्या बाई मोठ्या मुलांच्या पातेल्यापाशी उभ्या, हातात उकडलेला बटाटा, अर्धा खाल्लेला. ज्या बाईंनी आयुष्यात उभ्याने पाण्याचा घोट घेतला नव्हता. मामा शहाणे. त्यांनी काही पाहिलंच नाही असं केलं, आणि मिठाची वाटी हळूच पुढे सरकवली.

संध्याकाळी हुकूम निघाला. आजाऱ्याची वाटी वेगळी, बाकीच्यांना पोटभर जेवण.

आता तुम्हाला वाटेल, पोरं तुटून पडली असतील. छे. त्यांना चावायचंच माहीत नव्हतं. कुणी बटाट्याचा घास गालात धरून तासभर फिरायचं, कुणी थुंकायचं, एकाने डाळीने भिंत सारवली. मामांनी मग सगळं कुस्करून, वर तेलाचा चमचा सोडून, अंडं मिसळून लोण्यासारखं मऊ केलं. ताई एकेकाला मांडीवर सरळ बसवून, वाट पाहत, एकेक घास भरवायची. मुंगीशेजारी वकीलबाईची नेमणूक झाली. ती आधी स्वतः आ करून दाखवायची, मग चावून दाखवायची, मग गिळून जीभ बाहेर काढून पुरावा सादर करायची. मुंगी टक लावून बघायची. एके दिवशी तिने वाटी संपवली, रिकामी वाटी उलटी करून पाहिली, आणि भोकाड पसरलं. असं पसरलं की मोठ्या बाई धावत आल्या, पडली की काय म्हणून. पडली नव्हती. तिला अजून हवं होतं. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि मामा दुसरी वाटी घेऊन पळत येत होते.

खोली बघता बघता बदलली. पोरं भांडायला लागली, एकमेकांना ढकलायला लागली, कपाटावर चढायला लागली. ताईला दिवसभर बसायला मिळेना, आणि ते तिला फारच आवडलं.

आणि अगदी वजनाच्या आधीच्या आठवड्यात मुंगीला जुलाब लागले.

सकाळी ताई तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली तर मोठ्या बाई आधीच तिथे. चुलीवर पेज रटरटत होती. बाई वळल्या नाहीत. पळी फिरवत राहिल्या, आणि हळू आवाजात बोलल्या.

"त्या साथीत सगळी वाचली असं मी सांगते. एक गेलं. त्याच्या मुठीत पावाचा तुकडा होता. मी दिलेला."

वादाचा सगळा दारूगोळा ताईपाशी होता, पण यावर चालेल असं त्यात काही नव्हतं. ती नुसती बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "त्याला तेव्हा पाणी पुरलं नसेल, बाई. पाणी मी पाजते, घोटाघोटाने, दिवसभर. तुम्ही फक्त भरवा. तुमच्या हातून खाऊ दे तिला."

बाईंनी त्या पोरीकडे पाहिलं. मग चूल विझवली. मामांनी पुढे केलेल्या वाटीतून डाळभाताचा चिमूटभर गोळा चमच्यावर घेतला. मुंगीने आ केला, गिळलं, आणि दोन्ही हातांनी बाईंचं मनगट घट्ट धरून ठेवलं. पुढचा घास येईपर्यंत सोडलंच नाही.

तो आठवडा ताई पाणी पाजत राहिली आणि बाई भरवत राहिल्या. जुलाब थांबले. मग बाईंनी एक जेवण जास्तीचं सुरू केलं, आणि त्यात अंडं कमी पडलं तर मामांची खैर नव्हती.

वजनाच्या दिवशी अंगणात दवाखान्याची गाडी येऊन उभी राहिली. मुंगीचं गाठोडं बांधून ठेवायला सांगितलेलं, पण ताईने ते बांधलंच नव्हतं. बांधलं तर खरं होईल असं तिला वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला काट्यावर ठेवलं. काटा गार, जेवायची वेळ झालेली, मुंगीने आकाशपाताळ एक केलं आणि इतके हातपाय झाडले की आकडा धड ठरेना. ताईने डोळे मिटून घेतले. वकीलबाईने हरकत घेतली की फ्रॉकसकट वजन धरणार नाही, पुन्हा करा. मुंगीचा फ्रॉक काढला, पुन्हा ठेवलं.

"अर्धा किलो हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाऊण भरलंय."

मग काय विचारता. मामांनी डोक्यावरचं फडकं हवेत उडवलं, ताईने वकीलबाईला उचलून गरागरा फिरवलं, बाकीच्या पोरांना कशाचा पत्ता नव्हता पण तीही ओरडायला लागली. मोठ्या बाई पदर सावरत अंगणात गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या की दादा, तुम्हाला हेलपाटा झाला, आमची पोर कुठे जात नाही, तर आता जेवूनच जा.

तो जेवला, दोनदा मागून घेतलं, आणि रिकामी गाडी घेऊन निघाला. सगळी वरात फाटकापर्यंत गेली हात हलवायला. वकीलबाईने मुंगीला कडेवर घेतलं होतं, आणि आता तिला ती जड होत होती, तिरकी होऊन चालत होती, पण कुणाला द्यायला तयार नव्हती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मुंगीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिचं केळं अजून संपायचं होतं.